विश्लेषण : तीच रायफल, तोच हात, मग गोळ्या का पसरतात? ‘पॉइंट टू-टू’चा दोष शोधायचा कसा?

जामखेड : एनसीसीच्या शिबिरात फायरिंगच्या दिवशी कॅडेटच्या वाट्याला मोजक्या गोळ्या येतात. पोटावर झोपायचे, श्वास आवरायचा, ट्रिगर दाबायचा आणि रेंज मोकळी झाल्याचा हुकूम मिळाला की कागदावर भोके कुठे पडली ते पाहायला जायचे. कुणाची पाचही भोके रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातात, कुणाची कागदभर असतात. पुढच्या फायरिंगला मात्र कालचा रुपया बशीएवढा होतो. रायफल तीच, गोळ्या त्याच, मूलही तेच. मग बिघडले काय?

जामखेडसारख्या तालुक्याच्या गावातून नेमबाजीकडे वळणाऱ्या बहुतेक मुलामुलींची ‘पॉइंट टू-टू’ म्हणजे .२२ रायफलीशी पहिली भेट अशीच होते. पुढे खेळ म्हणून नेमबाजी धरली की हाच प्रश्न महाग होत जातो. गुण घसरू लागले की एक तर मुलाला बोल लागतात, ‘तुझे लक्षच नाही’. नाही तर रायफलीवर खापर फुटते आणि नव्या रायफलीसाठी पैशांची जुळवाजुळव सुरू होते. दोन्ही निर्णय घाईचे ठरू शकतात. अनेकदा दोष एका सैल स्क्रूत, काडतुसांच्या बदललेल्या लॉटमध्ये किंवा सरकलेल्या कोपरात असतो. तो पायरीपायरीने शोधता येतो. कसा, ते समजून घेऊ.

‘नेम चुकणे’ आणि ‘गोळ्या पसरणे’ यात फरक काय?

पाच गोळ्या एकमेकींना चिकटून पडल्या, पण सगळ्या डावीकडे वर, तर रायफल आणि नेमबाज दोघेही आपापले काम नीट करीत आहेत. फक्त साइट जुळवायची राहिली आहे. साइटच्या बटणाला हव्या तेवढ्या टिचक्या दिल्या की तोच ग्रुप मध्यभागी येतो. याला ‘झीरो करणे’ म्हणतात.

पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या तर मात्र साइट फिरवून उपयोग नाही. कारण फिरवायचे कुठे? इथेच सर्वाधिक चूक होते. एक गोळी उजवीकडे गेली म्हणून साइट डावीकडे, पुढची डावीकडे गेली म्हणून पुन्हा उजवीकडे. अशाने मूळ दोष तसाच राहतो आणि त्यात साइटचा गोंधळ मिसळतो. म्हणून पहिला नियम असा : ग्रुप पसरलेला असताना साइटला हात लावायचा नाही. आधी ग्रुप लहान करायचा, मग तो मध्यभागी आणायचा.

ग्रुप खरेच बिघडला, की तसे वाटते?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तीन गोळ्यांचा एखादा ग्रुप नशिबानेही सुरेख पडतो. त्याच रायफलीने दहा गोळ्या मारल्या की ग्रुप मोठा दिसणारच, कारण जितक्या जास्त गोळ्या तितकी एखादी कडेला जाण्याची शक्यता जास्त. कालच्या तीन गोळ्यांची तुलना आजच्या दहांशी केली तर नसलेला बिघाड दिसू लागतो. तुलना करायची तर तितक्याच गोळ्या, तेच अंतर, तीच पोझिशन हवी. दहा-दहा गोळ्यांचे निदान तीन ग्रुप हाताशी असल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

५० मीटरवर चुकीला जागा तरी किती असते?

ऑलिम्पिकमधील ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. त्यापुढचे प्रत्येक वर्तुळ १६ मिलिमीटरने मोठे. म्हणजे गोळी आठ मिलिमीटर बाजूला सरकली की एक गुण गेला.

आता हे आठ मिलिमीटर रायफलीवर मोजून पाहू. पुढच्या आणि मागच्या साइटमधील अंतर साधारण ८० सेंटिमीटर धरले तर मागची साइट ०.१३ मिलिमीटर हलली तरी ५० मीटरवर गोळी आठ मिलिमीटर सरकते. ०.१३ मिलिमीटर म्हणजे वहीच्या कागदाची जाडी. डोळ्याला न दिसणारा साइटचा सैलपणा एक पूर्ण गुण खातो तो असा.

वाऱ्याचेही तेच. .२२ ची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा किंचित कमी वेगाने निघते. ५० मीटर जायला तिला सेकंदाचा सहावा भागही लागत नाही. तरीही सेकंदाला एक मीटर वेगाची आडवी झुळूक तिला सुमारे सात मिलिमीटर ढकलते. ताशी साडेतीन किलोमीटर वेगाची ही झुळूक अंगाला जेमतेम जाणवते. जामखेडच्या माळावर उन्हाळ्यात दुपारी वाहणारे वारे याच्या कितीतरी पट जोरदार असतात. म्हणून रायफलीला दोष देण्याआधी त्या दिवशी वारा कसा होता, हे आठवले पाहिजे. चाचणी शक्यतो पहाटे, वारा पडलेला असताना किंवा बंदिस्त रेंजवर घ्यावी.

रायफल गोळीला सरळ कशी ठेवते?

जामखेड तालुक्यातील खर्ड्याला मार्च १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांच्यात लढाई झाली. त्या काळातील पायदळाच्या बहुतेक बंदुकांच्या नळ्या आतून गुळगुळीत असत. गोल गोळी नळीच्या भिंतींवर आदळत बाहेर पडे आणि दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेने जाई. रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा असतात. त्या शिशाच्या गोळीला पकडतात आणि भोवऱ्यासारखी फिरवतात. .२२ च्या नळीत साधारण १६ इंचांत एक पूर्ण पीळ असतो, म्हणजे बाहेर पडताना गोळी सेकंदाला सुमारे ८०० फेरे घेत असते. फिरणारा भोवरा जसा उभा राहतो तशी ती नाक पुढे ठेवून जाते.

याचा अर्थ असा की प्रत्येक गोळी त्याच वेगाने, त्याच पकडीत, नळीच्या त्याच थरथरीत बाहेर पडली पाहिजे. यातील एक गोष्ट जरी दर वेळी बदलू लागली तरी ग्रुप पसरतो. दोष शोधायचा म्हणजे ‘बदलते काय आहे’ ते शोधायचे.

कागदावरची भोके काय सांगतात?

भोकांच्या मांडणीवरून पक्का निकाल देता येत नाही, पण चौकशी कुठून सुरू करायची ते कळते.

• उभी रांग : श्वास दर वेळी वेगळ्या टप्प्यावर रोखला जातोय, टेकूचे कोपर सरकतेय किंवा गोळ्यांचा वेग कमी-जास्त आहे. वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर उंचीत साधारण साडेसात मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे जवळपास एक गुण.

• आडवी रांग : वारा, ट्रिगर बाजूला ओढण्याची सवय किंवा शरीराची दिशाच लक्ष्याकडे नसणे.

• दोन वेगळे पुंजके : काहीतरी दोन जागांमध्ये उड्या मारते आहे. सैल साइट, दस्त्यात नीट न बसलेली रायफल किंवा गाल टेकवण्याच्या दोन वेगळ्या जागा.

• हळूहळू एकाच दिशेला सरकणारी भोके : पट्टा, म्हणजे स्लिंग, सरकतोय, शरीर थकतेय किंवा उजेड बदलतोय.

• नऊ गोळ्या एकत्र आणि एकच दूर : काडतुसाचा दोष असू शकतो. पण ती गोळी सुटताना नेमबाजाला काय जाणवले, हे आधी विचारावे. ‘ही गेली’ असे त्याला सुटतानाच कळले असेल तर काडतूस निर्दोष आहे.

• चारही बाजूंना सारखा पसारा : काडतूस आणि नळीचे जमत नसणे, घाण साचलेली नळी किंवा एकाच वेळी अनेक लहान चुका.

सुरुवात नेमबाजापासून का करायची?

कारण ती तपासणी फुकट आहे. सर्वांत सोपी कसोटी म्हणजे तीच रायफल आणि त्याच डब्यातील काडतुसे एखाद्या अनुभवी नेमबाजाला किंवा प्रशिक्षकाला द्यायची. त्यांचाही ग्रुप पसरला तर संशय रायफलीवर. त्यांचा घट्ट पडला तर पोझिशनवर काम करायचे. दुसरी कसोटी म्हणजे रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून मारणे. टेकूवर घट्ट आणि हातात सैल, तर उत्तर मिळाले.

पोझिशन तपासताना पहिली गोष्ट शरीराच्या नैसर्गिक दिशेची. नेम धरायचा, डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. साइट लक्ष्यावरून सरकलेली दिसली तर नेमबाज स्नायूंच्या जोरावर रायफल ओढून धरतो आहे. स्नायू थकले की गोळी मूळ दिशेकडे जाते. अशा वेळी हाताने रायफल वळवायची नाही. पोट किंवा पाय सरकवून सगळे शरीर वळवायचे.

दुसरी गोष्ट स्पर्शाच्या जागांची. गाल दस्त्यावर त्याच ठिकाणी, बट खांद्याच्या त्याच खोबणीत, स्लिंग दंडावर त्याच उंचीला आणि तितकाच घट्ट. तिसरी गोष्ट ट्रिगरची. बोट सरळ मागे यावे आणि गोळी सुटल्यानंतरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवावा. .२२ ची गोळी तुलनेने संथ असल्याने ती नळीत असतानाच नेमबाज डोके उचलू लागला तर ते कागदावर दिसते.

रायफलीत पहिल्यांदा काय पाहायचे?

स्क्रू. रायफल पूर्ण रिकामी असल्याची खात्री करून, बोल्ट काढून, मग तपासणीला हात घालायचा.

नळी आणि यंत्रणेचा भाग दस्त्याला ज्या दोन-तीन स्क्रूंनी जोडलेला असतो ते सर्वांत महत्त्वाचे. ते सैल झाले की गोळी सुटल्यावर यंत्रणा दस्त्यात किंचित हलते आणि दर वेळी वेगळ्या जागी बसते. मात्र ‘सैल नको’ म्हणून जीव खाऊन आवळणेही चूक. किती आवळायचे हे रायफल बनवणारा सांगतो आणि त्यासाठी टॉर्क पाना मिळतो. तो क्लबमध्ये एक असला तरी सगळ्यांचे काम भागते. दस्ता लाकडी असेल तर पावसाळ्यात तो ओल धरतो, उन्हाळ्यात आकसतो. जूनमध्ये बरोबर आवळलेले स्क्रू मार्चमध्ये सैल निघू शकतात.

त्यानंतर साइट. मागची साइट बोटांनी अलगद हलवून पाहायची. जराही खडखड वाटली तर तिची पकड तपासायची. पुढच्या साइटमधील कडे घट्ट आहे का, गालाचा टेकू आणि बटची पट्टी सरकत तर नाही ना, हेही पाहायचे.

साइटची बटणे झिजली तर त्यांची टिचकी खोटी पडते. कसोटी सोपी आहे. एक ग्रुप मारायचा, मग साइट २० टिचक्या वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे अशी फिरवत प्रत्येक ठिकाणी ग्रुप मारायचा आणि मूळ जागी परतायचे. पाचवा ग्रुप पहिल्यावर बसला नाही तर साइट दुरुस्तीला पाठवायची.

आणि डोळा? चष्म्याचा नंबर बदलला असेल तर पुढचे कडे पुसट दिसते आणि नेमबाजाच्या नकळत नेम पसरतो. गुण घसरलेल्या शाळकरी मुलाची नजर तपासून घेणे हा रायफल बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे.

काडतुसाचा एवढा बाऊ का केला जातो?

.२२ काडतूस ‘रिमफायर’ प्रकारचे असते. ठिणगी देणारे मिश्रण त्याच्या बुडाच्या कडेत भरलेले असते आणि घोड्याची टाचणी त्या कडेवर आपटते. कडेची जाडी, मिश्रणाचा थर, दारूचे प्रमाण यांत अगदी बारीक फरक पडला तरी वेग बदलतो. मोठ्या बोअरच्या काडतुसांप्रमाणे ही काडतुसे घरी किंवा क्लबमध्ये पुन्हा भरता येत नाहीत. कारखान्यातून जशी येतात तशीच वापरावी लागतात.

त्यामुळे अव्वल नेमबाज केवळ कंपनी पाहून काडतुसे घेत नाहीत, लॉट पाहून घेतात. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस यांसारख्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांवर रायफल शिकंज्यात बसवून वेगवेगळ्या लॉटचे ग्रुप काढले जातात आणि त्या नळीला मानवणारा लॉट एकदम विकत घेतला जातो. एका रायफलीला उत्तम ठरलेला लॉट शेजारच्या रायफलीत साधारण ठरू शकतो, आणि महागडे काडतूस प्रत्येक नळीत स्वस्तापेक्षा सरस ठरेलच असे नाही.

जामखेडच्या नेमबाजाला परदेशी चाचणी केंद्र गाठता येणार नाही. पण डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिहून ठेवता येतो. ‘परवापासून गुण घसरले’ आणि ‘परवापासून नवा डबा उघडला’ या दोन नोंदी एकाच तारखेच्या निघाल्या तर कोडे सुटले. काडतुसे बदलली की आणखी एक पथ्य पाळावे. शिशाच्या गोळीवर मेणासारख्या वंगणाचा थर असतो. प्रत्येक कंपनीचे वंगण वेगळे. नव्या काडतुसाच्या पहिल्या काही गोळ्या नळीत आपला थर बसवण्यात जातात. त्यांवरून मत बनवू नये. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत काडतुसे ठेवणे तर कटाक्षाने टाळावे. तिथल्या उष्णतेत वंगण पातळ होते.

नळी साफ करावी, की करू नये?

दोन्ही टोके चुकीची. हजारो गोळ्यांनंतर नळीच्या सुरुवातीला काजळी आणि शिशाचा थर साचतो, गोळी तिथे खरवडली जाते आणि ग्रुप हळूहळू मोठा होत जातो. दुसरीकडे रोज घासूनपुसून चकचकीत केलेल्या नळीत वंगणाचा थरच राहत नाही आणि पहिल्या गोळ्या भरकटतात. साफसफाईच्या तारखा आणि तोवर मारलेल्या गोळ्यांची संख्या लिहीत गेले की आपल्या नळीला किती गोळ्यांनंतर सफाई हवी ते कळते.

नळीचे पुढचे तोंड मात्र जिवापाड जपावे. गोळीला शेवटचा स्पर्श तिथे होतो. त्या कडेला ओरखडा पडला किंवा ती एका बाजूने झिजली तर मागून सुटणारा वायू गोळीला एका बाजूने ढकलतो. सफाईची सळई शक्य तिथे मागच्या बाजूने घालावी. रायफल तोंडावर टेकवून भिंतीला उभी करण्याची सवयही मोडावी.

घोड्याची टाचणी आणि स्प्रिंग हा शेवटचा मुद्दा. उडवलेल्या पुंगळ्यांच्या कडेवरचे ठसे एका रांगेत ठेवून पाहावेत. काही खोल, काही उथळ दिसले तर स्प्रिंग थकली आहे किंवा बोल्टमध्ये वंगण घट्ट झाले आहे. ठिणगी असमान, म्हणून वेग असमान, म्हणून उभा पसारा. रिकाम्या रायफलीचा ट्रिगर उगाच दाबत राहिल्यास काही बनावटींत टाचणी नळीच्या कडेवर आपटून ती ठेचली जाते. सरावासाठी कोरडा ट्रिगर दाबायचा असेल तर आपल्या रायफलीत तशी सोय आहे का, हे आधी विचारावे.

अव्वल नेमबाजांनाही हे भोगावे लागते?

लागते, आणि तेही ऑलिम्पिकच्या तोंडावर. अमेरिकेचा मॅट एमन्स २००४ मध्ये ऑलिम्पिकच्या तयारीत असताना त्याच्या रायफलीशी कुणीतरी छेडछाड करून ती खराब केली. त्याने सहकारी नेमबाजाची रायफल घेतली आणि अथेन्समध्ये ५० मीटर प्रोनचे सुवर्णपदक जिंकले. त्याच ऑलिम्पिकमध्ये थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत आघाडीवर असताना शेवटची गोळी त्याने शेजाऱ्याच्या लक्ष्यावर मारली आणि पदक गमावले. एकाच माणसाच्या बाबतीत एकदा दोष रायफलीत होता, एकदा नेमबाजात.

अभिनव बिंद्राची गोष्ट एअर रायफलची, पण धडा तोच. अथेन्सच्या अंतिम फेरीत तो सातवा आला. आपण उभे होतो तिथली फरशी सैल होती, हे त्याला नंतर समजले. २००८ मध्ये बीजिंगला अंतिम फेरीच्या आधीच्या सरावात त्याची गोळी थेट चारच्या आसपास गेली. साइट हललेली होती. त्याने घाबरून पोझिशन मोडली नाही, साइट पुन्हा जुळवली आणि भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. आपली पोझिशन पक्की आहे हे त्याला ठाऊक होते, म्हणून दोष कुठे आहे हे मिनिटभरात ओळखता आले.

महाराष्ट्राला .२२ रायफलीची परंपरा मोठी. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवले. अंजली भागवतची नेमबाजी सुरू झाली ती एनसीसीमधून. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह ऑलिम्पिक कांस्य जिंकले. या प्रकारातील ते भारताचे पहिले पदक. पात्रता फेरीत त्याने ६०० पैकी ५९० गुण मिळवले होते, म्हणजे ६० गोळ्यांत केवळ दहा गुण गमावले. गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभ्याने अशा तिन्ही पोझिशनमध्ये हे सातत्य टिकवायचे तर रायफल, काडतूस आणि शरीर यांपैकी कशावरही शंका असून चालत नाही.

तालुक्याच्या गावातील नेमबाजाने काय करावे?

जामखेडहून पुण्याची बालेवाडी सुमारे २०० किलोमीटर. महिन्यातून एखादी फेरी जमली तर तिथला वेळ आणि गोळ्या अंदाजात उडवण्यापेक्षा ठरवून वापराव्यात. त्यासाठी दोन गोष्टी पुरतात : एक वही आणि एक क्रम.

वहीत प्रत्येक सरावाची तारीख, वेळ, वारा, उजेड, काडतुसाचा लॉट, मागच्या सफाईनंतरच्या गोळ्या, साइटच्या टिचक्या आणि ग्रुपची रुंदी-उंची लिहावी. कागदी लक्ष्य फेकू नये. मोबाइलवर फोटो काढून तारखेसह ठेवावा.

तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवावा :

१. वारा आणि उजेड लक्षात घेऊन शांत वेळी पुन्हा ग्रुप मारा.
२. अनुभवी नेमबाजाकडून तीच रायफल चालवून घ्या.
३. पोझिशन, श्वास, ट्रिगर आणि नजर तपासा.
४. दस्त्याचे आणि साइटचे स्क्रू पाहा.
५. साइटची चौकोनी कसोटी घ्या.
६. आधी चांगला ठरलेला काडतुसाचा लॉट किंवा दुसरा लॉट मारून पाहा.
७. नळी साफ करा, थर बसू द्या, पुन्हा ग्रुप मारा.
८. टाचणी, स्प्रिंग, नळीचे तोंड जाणकार आर्मररकडून तपासून घ्या.
९. नवी नळी किंवा नवी रायफल हा विचार यानंतर.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे या क्रमाचे मर्म. एकाच दिवशी स्क्रू आवळले, काडतूस बदलले आणि नळीही साफ केली, तर ग्रुप सुधारला तरी कशामुळे हे कळत नाही. मग दोष परत आला की शोध पुन्हा शून्यापासून. एनसीसीच्या कॅडेटला अर्थात रायफल उघडण्याची मुभा नसते. त्याने पहिल्या तीन पायऱ्या सांभाळाव्यात आणि शंका आल्यास भोके पडलेला कागद दाखवून प्रशिक्षकाला सांगावे.

काय करू नये?

ट्रिगरची यंत्रणा घरी उघडू नये, नळी कापण्याचा किंवा घासण्याचा प्रयोग करू नये. .२२ रायफलीला शस्त्र परवाना लागतो आणि तिची दुरुस्ती परवानाधारक आर्मररकडेच व्हायला हवी. ट्रिगर दाबूनही गोळी सुटली नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावे आणि रेंजवरील अधिकाऱ्याला सांगावे. आवाज नेहमीपेक्षा दबका, ‘फुस्स’ असा आला तर पुढची गोळी कदापि मारू नये. आधीची नळीत अडकलेली असू शकते. हा अचूकतेचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

आणि घरच्यांसाठी एक गोष्ट. मुलाचे गुण अचानक घसरले तर ‘मन लावून मार’ असे सांगण्याआधी त्याची वही मागून पाहा. त्यात नवा लॉट, सैल स्क्रू किंवा वाढलेला चष्म्याचा नंबर सापडला, तर मुलाचा आत्मविश्वास वाचेल आणि नव्या रायफलीचे पैसेही. काहीच सापडले नाही, तरी आता काम पोझिशनवर करायचे आहे, हे नक्की कळलेले असेल.